शीर्षकातून गळलेला पॉलिमर

कोइची तानाका यांचा १९८८ सालचा शोधनिबंध मास स्पेक्ट्रोमेट्री शिकणारी मुलं आजही वाचतात. लेसर आणि उड्डाणकाल पद्धत वापरून एक लाखापर्यंतच्या वस्तुमानांचं विश्लेषण, हा त्याचा विषय. कशाचं विश्लेषण, तेही शीर्षकातच सांगितलंय : प्रथिनांचं आणि पॉलिमरचं. दोन्ही नावं शेजारी शेजारी. चौदा वर्षांनी, ९ ऑक्टोबर २००२ रोजी, स्टॉकहोमहून रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्धं पारितोषिक एनएमआर या तंत्रासाठी स्वित्झर्लंडच्या कुर्ट व्यूथ्रिश यांना, आणि उरलेलं अर्धं सौम्य आयनीकरणासाठी तानाका आणि अमेरिकेचे जॉन फेन यांच्यात वाटून. मानपत्रात उल्लेख होता फक्त जैविक महारेणूंचा. पॉलिमर तेवढा गळला होता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रेझिन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्या बाईला ते खटकलं. प्रथिनांशी माझं वैर नाही. औषधं त्यांच्यावर चालतात, पैसा तिथे आहे, मान तिथे जाणार हे उघड आहे. पण या तंत्राचा इतिहास उलगडून पाहिला तर जवळजवळ प्रत्येक पायरीवर प्रयोगाला आधी बसवला गेला तो पॉलिमरच. आणि सरतेशेवटी याच तंत्राने सर्वात जास्त छळलं तेही पॉलिमरवाल्यांनाच.

छळ कसला, ते आधी सांगते. आमचे प्रॉडक्शनचे साहेब फोन करायचे, "मॅडम, बॅचचा रेणुभार किती आला? एक आकडा सांगा." पाण्याचा रेणुभार १८, साखरेचा ३४२, तसाच पॉलिस्टायरीनचाही एक आकडा असावा ही त्यांची साधी अपेक्षा. पण पॉलिमरची रिॲक्टरमध्ये वाढलेली प्रत्येक साखळी वेगळ्या लांबीची असते. एखाद्या घरात आजी ऐंशीची आणि नात चार महिन्यांची असेल तर दोघींचं सरासरी वय चाळीस निघतं, आणि चाळीस वर्षांचं माणूस घरात कुणीच नसतं. पॉलिमरच्या रेणुभाराचं तसंच आहे. त्यातून सरासरीही दोन प्रकारची. साखळ्यांची संख्या मोजून काढली तर एमएन, वजनाला मान देऊन काढली तर एमडब्ल्यू. दुसरी नेहमी पहिलीपेक्षा मोठी, आणि दोघींचं गुणोत्तर म्हणजे साखळ्यांच्या लांबीतली विषमता. साहेबांना मी एमडब्ल्यू सांगायचे. मोठा आकडा ऐकून ते खूश व्हायचे.

मुळात असे लांबलचक रेणू असतात, हेच शंभर वर्षांपूर्वी कुणी मानत नव्हतं. हेर्मान श्टाउडिंगर झ्युरिकला असताना त्यांनी १९२० मध्ये मांडलं की रबर, पॉलिस्टायरीन हे हजारो अणू सरळ रासायनिक बंधांनी जोडलेले खरेखुरे महारेणू आहेत. त्या काळच्या पंडितांचं म्हणणं वेगळं होतं : हे लहान रेणूंचे पुंजके आहेत, कसल्याशा दुय्यम ओढीने एकत्र आलेले. हाइनरिश वीलांड यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने श्टाउडिंगरना मित्रत्वाचा सल्ला दिला होता, की हे मोठ्या रेणूंचं खूळ सोडा, तुमचं रबर नीट शुद्ध करा म्हणजे त्याचे स्फटिक पडतील. श्टाउडिंगरनी ऐकलं नाही. रबरातले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून त्यांनी दाखवलं, की ओढीचं कारण काढून घेतलं तरी पुंजका फुटत नाही. त्यांना नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

विरोधकांना मी मूर्ख म्हणणार नाही. साबणाच्या पाण्यात तसे पुंजके खरोखर असतात, आणि ते दाखवणाऱ्यांत अग्रणी होते जेम्स मॅकबेन. हेच मॅकबेन पुढे आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. साबणाबाबत जे खरं, ते रबराबाबतही असावं, एवढाच लोकांचा तर्क होता. चूक होता, पण अडाणी नव्हता. आणि पुढे त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत पॉलिमरचं केवढं काम उभं राहिलं!

महारेणू मान्य झाले तरी त्यांचं वजन करायचं कसं? उप्पसालाचे स्वेदबर्ग यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज बनवून हिमोग्लोबिनचा भार ६७ हजारांच्या आसपास आहे हे दाखवलं. ते यंत्र सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात नव्हतं. श्टाउडिंगर यांनी द्रावणाच्या चिकटपणावरून साखळीची लांबी काढायचा स्वस्त मार्ग धरला, आणि तोच आमच्यापर्यंत आला. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकताना आम्ही उबेलोड व्हिस्कोमीटरची ती तीन पायांची काचनळी पाण्याच्या टाकीत उभी करायचो, हातात स्टॉपवॉच, डोळा वरच्या खुणेवर. द्रावण खालच्या खुणेशी आलं की बटण दाबायचं. धुळीचा एक कण केशनलिकेत गेला की सकाळ फुकट. ऑस्मोमीटर होता, त्याचा पडदा गळायचा. प्रकाश विखुरून मोजायची डिबायची पद्धत पुस्तकात होती. १९६४ मध्ये डाऊ कंपनीच्या टेक्सासमधल्या जॉन मूर यांनी जीपीसी आणली : सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रावण सोडायचं, मोठ्या साखळ्या छिद्रांत न शिरता आधी बाहेर पडतात, लहान रेंगाळतात. या पद्धतीने पहिल्यांदा नुसती सरासरी नाही तर पूर्ण वितरण दिसलं. मात्र जीपीसी वजन करत नाही, आकार पाहते. बाहेर यायला किती वेळ लागला यावरून भार ठरवायचा तर आधी माहीत असलेल्या भाराचं पॉलिस्टायरीन चालवून तक्ता बनवावा लागतो. आमचं पॉलिएस्टर रेझिन आम्ही पॉलिस्टायरीनच्या मापाने मोजायचो आणि रिपोर्टवर बारीक अक्षरात तसं लिहायचो. ते बारीक अक्षर कुणी वाचत नसे.

खरा तराजू होता तो मास स्पेक्ट्रोमीटर. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये त्याने निऑनचे समस्थानिक वेगळे करून दाखवले. पण तराजूच्या दोन अटी होत्या. पदार्थ वायुरूप हवा आणि त्यावर विद्युतभार हवा. पॉलिमर तापवला तर त्याची वाफ होत नाही, त्याआधी साखळ्याच तुटतात. आणि भार चढवायची रूढ रीत म्हणजे सत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आपटायचे. कार्बन-कार्बन बंध तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्टांतच तुटतो. असा मारा झाल्यावर हातात तुकडे येतात. तुकड्यांवरून पॉलिमर कशाचा ते कळतं, साखळी किती लांब होती ते कळत नाही. म्हणून 'सौम्य' आयनीकरण हवं होतं : रेणू न मोडता त्याला निर्वातात उचलायचं आणि त्यावर हलकासा भार ठेवायचा.

पहिले प्रयत्न सांगून पुढे जाते. बॉनच्या हान्स बेकी यांनी १९६९ मध्ये फील्ड डिसॉर्प्शन आणलं. केसांसारख्या सुया उगवलेल्या तारेवर नमुना लावायचा आणि प्रचंड विद्युतक्षेत्राने आयन खेचून घ्यायचे. तारा नाजूक, पद्धत लहरी. पण १९७९ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या ताकेकियो मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरून पॉलिस्टायरीन आणि पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल यांची शिखरं दहा हजारांपर्यंत दाखवली. हेतू गंमतशीर होता. त्यांना पॉलिमरचा अभ्यास करायचा नव्हता, यंत्राच्या पट्टीवर खुणा करायच्या होत्या. पॉलिमरच्या साखळ्या ठरावीक अंतराने येतात, तेव्हा मैलाच्या दगडांसारखा त्यांचा उपयोग. पॉलिमर तेव्हाही दुसऱ्यांच्या कामाला लावलेला. मात्सुओ हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता माल्कम डोल. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक, विद्युतरसायनातले. ते एका रंगाच्या कंपनीचे सल्लागार होते. तिथे मोटारींना रंग मारताना रंगाचे थेंब विद्युतभारित करून उडवत असत. भारित थेंब एकमेकांना ढकलतात, म्हणून रंग बारीक फवारतो आणि गाडीच्या पत्र्याकडे ओढला जाऊन सारखा बसतो. ते पाहताना डोल यांच्या मनात आलं की थेंबात पॉलिमरचं अगदी विरळ द्रावण असेल आणि द्रावक उडून गेला, तर शेवटी एकेक साखळी उरेल आणि थेंबावरचा भार तिच्या अंगावर राहील. थेंब आकसत गेला की भार एका मर्यादेपुढे त्याला सोसवत नाही आणि तो फुटतो, हे गणित लॉर्ड रेले यांनी १८८२ मध्येच करून ठेवलं होतं. भारित द्रवाच्या फवाऱ्याचे प्रयोग जॉन झेलेनी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात केले होते. जोडणी करायची राहिली होती ती डोलनी केली. १९६८ मध्ये त्यांच्या गटाचा निबंध आला. नमुना कोणता? बेंझीन आणि ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं, सरासरी ५१ हजार रेणुभाराचं पॉलिस्टायरीन.

असं एकसारख्या साखळ्यांचं पॉलिस्टायरीन त्यांना मिळालं कुठून, याचीही एक कथा आहे. १९५६ मध्ये सिरॅक्यूजच्या मायकेल श्वार्त्स यांनी 'जिवंत' पॉलिमरीकरण दाखवलं. सगळ्या साखळ्या एकदमच सुरू होतात, कुणी मध्येच मरत नाही, म्हणून सगळ्यांची लांबी जवळपास सारखी. जीपीसीचे स्टँडर्ड, डोल यांच्यासारख्यांचे प्रयोग, पुढे जिच्याकडे येणार आहे ती माल्डी ही लेसरची पद्धत, सगळे या एका प्रक्रियेचे देणेकरी आहेत. श्वार्त्स यांना नोबेल मिळालं नाही. मला विचाराल तर मिळायला हवं होतं.

डोल यांच्याकडे इतक्या जड आयनांना पेलणारा स्पेक्ट्रोमीटर नव्हता. त्यांनी वाटेत उलट व्होल्टेजची जाळी लावली आणि कितीला आयन थांबतात त्यावरून भार अंदाजला. आकडे फारसे जुळले नाहीत. त्यातला दोष येलच्या जॉन फेन यांच्या लक्षात आला, कारण फेन मुळात वायूच्या झोतांचे जाणकार होते. निर्वातात सुटलेला झोत एकदम थंड होतो, आणि त्या थंडीत द्रावकाचे रेणू आयनावर परत जमतात. फेन यांनी थेंबांच्या समोरून कोरड्या नायट्रोजनचा उलटा प्रवाह सोडला, म्हणजे द्रावक आत जाण्याआधीच वाहून जाईल. मासामिची यामाशिता यांच्याबरोबरचे त्यांचे निबंध १९८४ मध्ये आले. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये अलेक्सांद्रोव्ह आणि गाल यांचा गटही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता.

आणि मग १९८८. फेन यांच्या गटाने इलेक्ट्रोस्प्रेमधून पॉलिएथिलीन ग्लायकॉल चालवला. हे आपल्या ओळखीचंच रसायन, मलमांत आणि रेचकांत असतं ते. १७,५०० रेणुभाराच्या साखळ्या त्यांच्या साध्या यंत्रात दिसल्या, जरी त्या यंत्राची मर्यादा जेमतेम १५०० होती. कारण एकेका साखळीवर एक नाही, तेवीसपर्यंत भार बसले होते. यंत्र वस्तुमान मोजत नाही, वस्तुमान भागिले भार मोजतं. भार वाढले की जड रेणू हलका वाटतो आणि पट्टीत मावतो. माझ्या मते इलेक्ट्रोस्प्रेच्या इतिहासातला हा सर्वात मोठा क्षण, आणि तो पॉलिमरवर घडला.

पण पॉलिमरच्या पदरात काय पडलं? गोंधळ. शंभर वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या, प्रत्येकीवर दहा ते तेवीस असे वेगवेगळे भार, म्हणजे हजाराहून जास्त शिखरं एकाच अरुंद जागेत. कागदावर दिसला तो एक उंचवटा. प्रथिनाचे सगळे रेणू मात्र एकाच वजनाचे. तिथे वेगवेगळे भार म्हणजे एकाच आकड्याची पुन्हा पुन्हा साक्ष, आणि दोन शेजारच्या शिखरांवरून साधं गणित करून रेणुभार निघतो. हे कळल्याबरोबर फेन यांचा गट प्रथिनांकडे वळला, आणि १९८९ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा गाजलेला निबंध आला. पुढे १९९२ मध्ये नोहमी आणि फेन यांनी पन्नास लाखांपर्यंतचा पॉलिएथिलीन ग्लायकॉल इलेक्ट्रोस्प्रेने उडवून दाखवला. कौतुक झालं, पण कारखान्यात त्याचा उपयोग शून्य. फेन यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र कडू गेला. सत्तरीला सक्तीची निवृत्ती, मग पेटंट कुणाचं यावरून स्वतःच्याच विद्यापीठाशी कोर्टकचेरी. २००५ मध्ये निकाल येलच्या बाजूने लागला आणि फेन यांच्यावर दहा लाख डॉलरांहून अधिक बोजा पडला. नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती.

तानाकांची क्योटोची गोष्ट याहून साधी आहे, म्हणूनच मला जास्त आवडते. शिमाद्झू ही तिथली, १८७५ साली सुरू झालेली उपकरणं बनवणारी कंपनी. तिचे संस्थापक गेन्झो शिमाद्झू बुद्धमंदिरांतली धातूची उपकरणं घडवणाऱ्या घराण्यातले. कोइची तानाका तिथे लागले तेव्हा त्यांच्याकडे तोहोकू विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी होती. रसायनशास्त्र शिकलेले नव्हते आणि पीएचडी त्यांनी कधी केली नाही. काम असं होतं : नमुन्यावर लेसर मारून मोठा रेणू न तोडता उडवायचा. लेसरची उष्णता शोषायला कोबाल्टची अतिसूक्ष्म काळी भुकटी वापरायचा गटाचा विचार होता. १९८५ च्या फेब्रुवारीत भुकटी ॲसिटोनमध्ये कालवायची होती, तानाकांच्या हातून ग्लिसरीन पडलं. भुकटी महाग होती. वस्तू वाया घालवू नये हे आजीने बिंबवलेलं, त्यामुळे त्यांनी ते फेकलं नाही. ग्लिसरीन लवकर उडून जावं म्हणून नमुना निर्वातात ठेवून त्यावर लेसर मारत राहिले, आणि मारता मारता पडद्याकडे बघत राहिले. बी-१२ जीवनसत्त्वाचं १३५५ चं शिखर अखंड दिसलं.

१९८७ च्या सप्टेंबरात ताकाराझुका इथल्या जपान-चीन परिषदेत त्यांनी हे मांडलं. इंग्रजीत लिहा म्हणून त्यांच्या मागे लागले ते ओसाकाचे मात्सुओ, पॉलिस्टायरीनच्या मैलाच्या दगडांवाले. १९८८ च्या त्या निबंधात कायमोट्रिप्सिनोजेन आणि लायसोझाइमबरोबर ४ हजारांचा पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल आणि २० हजारांचा पॉलिएथिलीन ग्लायकॉल आहेत. यावरून कंपनीने एलएएमएस-५०के नावाचं यंत्र बाजारात आणलं. विकलं गेलं एकच, कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या वैद्यकीय संस्थेला. स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा तानाकांना वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. पत्रकारांसमोर आले ते कंपनीच्या कामाच्या कपड्यांत.

न्यायाची गोष्ट सांगायची तर आज जी पद्धत माल्डी म्हणून जगभर चालते ती तानाकांची नाही. ती फ्रांत्स हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास यांची, आधी फ्रँकफुर्ट आणि मग म्युन्स्टरची. त्यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की लेसर शोषणाऱ्या लहान सेंद्रिय रेणूंत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, नमुना मिसळला की तो अलगद उडतो. १९८८ मध्ये त्यांनी ६७ हजारांचं अल्ब्युमिन मोजलं. नोबेल समितीने मोठा रेणू आधी कुणी दाखवला एवढंच पाहिलं. यावर जर्मनीत बरीच नाराजी झाली, आणि ती मला रास्त वाटते.

या मॅट्रिक्सच्या कथेत आपला गोवा येतो, आणि तो ओढूनताणून येत नाही. पॉलिस्टायरीनसाठी सर्वात भरवशाचं मॅट्रिक्स म्हणजे डिथ्रॅनॉल. पिवळी पूड. सोरायसिसच्या रुग्णांना ती औषध म्हणून ठाऊक असेल, कारण कपड्यांवर पडलेले तिचे तपकिरी डाग जात नाहीत. हे औषध आलं 'गोवा पावडर'वरून. गजकर्णावर उतारा म्हणून पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात आणि मुंबईत ती विकली जायची, महाग असायची, आणि कुठून येते ते कुणाला माहीत नव्हतं. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी इंग्लंडच्या औषधी व्यवसायाचं लक्ष तिच्याकडे वेधलं. ज्यांच्या दुकानावरून केम्प्स कॉर्नर हे नाव पडलं तेच हे केम्प. पुढे कळलं की ही ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पूड, पोर्तुगीज जहाजांतून इकडे आलेली. पहिल्या महायुद्धात पुरवठा आटला तेव्हा जर्मनीत बायरने १९१६ मध्ये तिच्यातल्या घटकाचा एक मेथिल कमी असलेला भाऊबंद कृत्रिमपणे बनवला, तोच डिथ्रॅनॉल. गजकर्णाच्या औषधाने १९९० च्या दशकात पॉलिस्टायरीनला लेसरखाली उचलून धरलं.

काम कसं चालतं ते सांगते. पॉलिमर टीएचएफमध्ये विरघळवायचा, डिथ्रॅनॉल वेगळं विरघळवायचं, दोन्ही मिसळून त्यात सिल्व्हर ट्रायफ्लुरोॲसिटेटची चिमूट टाकायची. पॉलिस्टायरीनला स्वतःचा भार धरता येत नाही, चांदीचा आयन त्याच्या बेंझीन कड्यांना चिकटतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलला सोडियम पुरतो, तो काचेच्या बाटलीतूनही येतो. साध्या पॉलिथिनला काहीच चिकटत नाही, म्हणून पिशव्यांचं पॉलिथिन माल्डीला आजही दाद देत नाही. मिश्रणाचा एक थेंब स्टीलच्या पट्टीवर ठेवला की क्षणात वाळतो. मग ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर, वीस हजार व्होल्टचा धक्का, आणि निर्वात नळीतली शर्यत : हलके आयन आधी पोचतात, जड मागून. ॲप्रनवर चांदीचे काळे आणि डिथ्रॅनॉलचे तपकिरी डाग. आमच्याकडे ते पाहून माणूस माल्डीवर बसतं की जीपीसीवर, ते ओळखता यायचं.

पडद्यावर जे दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीवरून उठले होते. शिडी. एकामागून एक शिखरं, प्रत्येकात १०४.१५ चं अंतर, म्हणजे स्टायरीनचा एकेक घटक. श्टाउडिंगरनी जे तर्काने मांडलं, वीलांडनी जे खूळ म्हटलं, ते एकेक साखळी सुटी होऊन समोर उभं होतं. आणि शिडी नुसती लांबी सांगत नाही. समजा एक शिखर ५३७३.५ वर आहे. त्यातून पन्नास घटकांचे ५२०७.५ वजा केले, उरले १६६.०. चांदीचे १०७.९ काढले, उरले ५८.१. हे बरोबर एक ब्युटिल गट आणि एक हायड्रोजन : साखळी ब्युटिल लिथियमने सुरू झाली आणि हायड्रोजनने संपवली. पन्नास मण्यांच्या माळेची दोन टोकं कुणी बांधली ते अर्ध्या तासात कळतं. जीपीसी हे जन्मात सांगू शकत नाही.

एवढं ऐकल्यावर व्यवस्थापनाला वाटतंच की आता जीपीसी विकून टाकावी. आमच्याकडेही तसं घाटत होतं. यंत्र घेण्याआधी आमच्या पॉलिएस्टर रेझिनचा नमुना एका बाहेरच्या प्रयोगशाळेत माल्डीला पाठवला. जीपीसीवर एमडब्ल्यू पंचवीस हजारांच्या घरात होता, त्यांच्या रिपोर्टवर आला तीन हजारांच्या आसपास. सही, शिक्का, रंगीत शिडी, सगळं होतं. शेरा कुठेच नव्हता. तो कागद ग्राहकाच्या हाती पडला आणि पुढचे कित्येक आठवडे आम्ही रेझिन खराब नाही हे पटवत बसलो.

रेझिन खराब नव्हतं. साखळ्यांच्या लांबीत विषमता फार असली की माल्डी पक्षपात करते. लहान साखळ्या सहज उडतात आणि वेगाने येऊन शोधकावर जोरात आपटतात. जड साखळ्या हळू येतात, शोधकाला धड जाणवत नाहीत, शिवाय लहानांच्या गर्दीने तो आधीच दमलेला असतो. एमडब्ल्यू आणि एमएन यांचं गुणोत्तर १.२ च्या पुढे गेलं की माल्डीच्या सरासरीवर विसंबू नये, हे नव्वदच्या दशकाच्या मध्यालाच छापून आलेलं होतं. ते छापणाऱ्यांत आघाडीवर होते सिसिलीतल्या कातानियाचे जॉर्जो मोंताउदो. तोडगाही त्यांनीच काढला : पॉलिमर आधी जीपीसीतून सोडायचा, बाहेर येणारे थेंब वेगवेगळ्या कुप्यांत धरायचे, प्रत्येक कुपीत साखळ्या जवळजवळ सारख्या, मग एकेक कुपी माल्डीवर मोजायची. म्हणजे माल्डीने जीपीसीला हुसकावलं नाही, तिच्या पट्टीवरच्या खुणा पक्क्या केल्या. पॉलिस्टायरीनच्या मापाने पॉलिएस्टर मोजायची आमची जुनी लबाडी त्यामुळे प्रथमच सुधारता आली.

दुसऱ्या टोकाला विक्रमही झाले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या श्रीमर आणि ली यांनी १९९६ मध्ये पंधरा लाखांचं पॉलिस्टायरीन माल्डीवर दाखवलं. अर्थात एकसारख्या साखळ्यांचं, श्वार्त्सच्या कुळातलं. कारखान्यातला पॉलिमर इतका शिस्तीचा नसतो.

म्हणून माझा निर्णय असा : टोकं कुठली, अशुद्धी कोणती, कडी बंद झाली की उघडी राहिली, दोन पॉलिमर खरंच जोडले गेले की नुसते मिसळले, हे विचारायचं तर माल्डी किंवा इलेक्ट्रोस्प्रे, आणि त्याला तोड नाही. बॅचचा सरासरी रेणुभार विचारायचा तर जीपीसी, शक्य तर प्रकाश-विखुरणाचा शोधक जोडलेली. नव्याने या धंद्यात आलेल्या मुलामुलींना एवढंच सांगते : रेणुभाराचा रिपोर्ट हातात आला की आकड्याकडे नंतर बघा. आधी तीन गोष्टी शोधा. पद्धत कोणती, सरासरी एमएन की एमडब्ल्यू, आणि माप कशाच्या तुलनेत घेतलं. तिन्ही लिहिलेलं नसेल तर सही न करता कागद परत पाठवा, मग त्यावर कितीही मोठ्या संस्थेचा शिक्का असो.